वजन कशाचे?

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, 1942 मध्ये, अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के आणि त्यांचे सहकारी वेल्हॅम यांनी 25 धिप्पाड माणसांच्या शरीराची घनता मोजली. ही माणसे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणारी. अंगावर चालून येणाऱ्याला खांद्याने अडवायचे, आडवे करायचे आणि पुन्हा उठून तेच करायचे, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. त्या काळी सैन्यात घेताना उंची-वजनाचे तक्ते बघत. मूळचे विमा कंपन्यांचे हे तक्ते लष्करानेही आपलेसे केले होते. त्या तक्त्यांप्रमाणे 25 पैकी 17 जण वजन जास्त म्हणून लष्करी सेवेला अपात्र ठरत होते. बेन्केंच्या मोजणीत मात्र त्यांच्या अंगावर चरबी फारच थोडी निघाली. वाढीव वजन सगळे स्नायूंचे आणि हाडांचे होते.

ही मोजणी समजायला सोपी, करायला त्रासाची. माणसाला आधी बाहेर काट्यावर तोलायचे. मग हौदातल्या पाण्यात, काट्याला टांगलेल्या बैठकीवर बसवायचे, छातीतली हवा सोडता येईल तितकी सोडायला लावायची, डोके पाण्याखाली घ्यायचे आणि काटा स्थिर होईपर्यंत तसेच थांबवायचे. फुफ्फुसात मागे राहणारी हवा वेगळी मोजून हिशेबातून वजा करायची. दोन वजनांच्या फरकातून शरीराचे आकारमान निघते आणि आकारमानावरून घनता. चरबीची घनता सुमारे 0.9, म्हणजे पाण्याहून कमी. स्नायू, हाडे, रक्त, अवयव हे सगळे मिळून सुमारे 1.1. त्यामुळे ज्याच्या अंगावर चरबी जास्त, तो पाण्यात हलका भरतो. आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत सगळेच शिकतात. बेन्केंनी ते जवानाच्या अंगाला लावले.

त्यांना हे सुचले पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांमुळे, म्हणजे पाणबुड्यांमुळे. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि माणूस घाईने वर आला की त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू, मेंदू यांना इजा करतात. हा वायू पाण्यापेक्षा चरबीत सुमारे पाचपट विरघळतो. म्हणजे सारख्याच वजनाच्या दोन पाणबुड्यांना धोका सारखा नसतो. कोणाच्या अंगावर चरबी किती, यावर तो ठरतो. 1939 मध्ये अमेरिकी नौदलाची ‘स्क्वालस’ ही पाणबुडी बुडाली आणि तिच्यातून 33 जणांना जिवंत वर काढले गेले. त्या मोहिमेतल्या वैद्यकीय कामात बेन्के होते. शरीरात चरबी किती, स्नायू किती, हाडे किती, हे मोजण्याचे आजचे शास्त्र बऱ्याच अंशी अशा सैनिकी गरजेतून वाढले.

हे पुस्तक त्याच एका प्रश्नाभोवती फिरते. जवानाचे वजन किती, हे काटा सांगतो. ते वजन कशाचे आहे, हे तो सांगत नाही. आणि धावणे, ओझे वाहणे, जखमी साथीदाराला ओढून आणणे, उन्हात किंवा बर्फात तग धरणे ही सैन्यातली खरी कामे त्या दुसऱ्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात. भरतीची तयारी करणारी मुले-मुली, त्यांच्याकडून ती करून घेणारे शिक्षक आणि सैन्यात असलेल्यांच्या घरचे लोक हे माझे वाचक. मिलिटरी अपशिंगे किंवा सैनिक टाकळी यांसारखी गावे ज्या भागात आहेत, तिथे हा विषय घराघरांतला आहे. तरीही त्यावर मराठीत नीट माहिती हाताशी नसावी, ही गोष्ट मला फार दिवस खटकत आली आहे.

आधी ओझ्याचे बोलू, कारण सगळा विषय तिथे उलगडतो.

1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश रॉयल मरीन्सच्या 45 कमांडो तुकडीला हेलिकॉप्टरे मिळाली नाहीत, तेव्हा ती पायी निघाली. सॅन कार्लोसपासून स्टॅन्लीच्या दिशेने सुमारे 90 किलोमीटर, तीन दिवसांत, पाठीवर 36 किलोच्या आसपास ओझे घेऊन आणि पायाखाली दलदल. आपल्याकडे डोंगराळ सरहद्दीवर पिठ्ठू, हत्यार, दारूगोळा, पाणी, गरम कपडे असे सगळे मिळून जे ओझे होते, तेही जवानाचे वजन किती आहे हे विचारून कमी-जास्त होत नाही. मशीनगन 50 किलोच्या पोराला जितकी जड, तितकीच 75 किलोच्या गड्याला.

आता थोडा हिशेब मांडतो. दोन काल्पनिक जवान घ्या. पहिल्याचे वजन 60 किलो आणि त्यात 20 टक्के चरबी, म्हणजे 12 किलो. उरलेले 48 किलो स्नायू, हाडे, अवयव. दुसऱ्याचे वजन 66 किलो, पण चरबी 14 टक्के, म्हणजे सव्वानऊ किलोच्या आसपास. उरलेले जवळजवळ 57 किलो. दोघांच्या पाठीवर 25 किलो चढवा. चढणीवर पाठीवरचे ओझे आणि अंगावरची चरबी या दोन्हींचा भार स्नायूंनाच उचलावा लागतो. पहिल्याच्या बाबतीत 48 किलोच्या शरीरावर 37 किलोंचा भार, म्हणजे किलोमागे पाऊण किलोहून जास्त. दुसऱ्याच्या बाबतीत 57 किलोवर 34 किलो, किलोमागे 600 ग्रॅम. काट्यावर दुसरा सहा किलोंनी जड आहे आणि डोंगरावर तोच पुढे असेल. निव्वळ वजनाचे तक्ते पाहणाऱ्याला हे उलटे वाटेल, पण प्रत्यक्ष मोजमापात असेच दिसत आले आहे. ओझ्याशिवाय धावताना हलके, सडपातळ शरीर जिंकते. ओझे चढले की स्नायू भरपूर असलेले, थोडे मोठे शरीर वरचढ ठरू लागते.

म्हणून चाचणी कोणती घेता, यावर कोण ‘फिट’ ठरणार हे बरेचसे ठरते. अमेरिकी अभ्यासक पॉल व्हँडरबर्ग यांनी दाखवून दिले की पुशअप, सिटअप आणि मोकळ्या अंगाने धावणे एवढ्यावरच गुण दिले, तर मोठ्या अंगाच्या जवानाचे 15 ते 20 टक्क्यांपर्यंत नुकसान होते. तो लठ्ठ नसला तरीही होते. अमेरिकी लष्कराची 1980 पासूनची चाचणी नेमकी या तीन प्रकारांचीच होती. तिच्या जागी 2022 मध्ये आलेल्या चाचणीत जमिनीवरून वजन उचलणे, ढकलगाडीसारखे जड साधन ओढणे, दोन्ही हातांत वजने घेऊन पळणे हे सारे आले. आपल्या भारतीय लष्करात हा भेद आधीपासून काही प्रमाणात पाळला गेला आहे, ही समाधानाची गोष्ट. पीपीटी (फिजिकल प्रोफिशियन्सी टेस्ट) या चाचणीत अनेक वर्षे 2.4 किलोमीटर मोकळे धावायचे असे, आणि बीपीईटीमध्ये (बॅटल फिजिकल एफिशियन्सी टेस्ट) हत्यार-पट्ट्यासह 5 किलोमीटर, शिवाय दोर चढणे आणि नऊ फुटी खड्डा ओलांडणे. पहिल्या चाचणीत चमकणारा पोरगा दुसरीत का मागे पडतो, याचे उत्तर अनेकदा त्याच्या जिद्दीत नसते. ते त्याच्या मांड्यांत, पाठीत आणि पोटात असते.

याचा अर्थ चरबी निरुपद्रवी असा कोणी घेऊ नये. दक्षिण कॅरोलायनातील पॅरिस आयलंड या तळावर मरीन कोअरच्या नव्या रंगरुटांची पाहणी झाली होती. ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22 किंवा त्याहून जास्त होता आणि दीड मैल धावायला ज्यांना 12 मिनिटे किंवा अधिक लागत होती, त्यांना उष्माघाताच्या प्रकारच्या आजारांचा धोका सडपातळ आणि वेगवान मुलांच्या जवळपास आठपट निघाला. 22 हा आकडा काही लठ्ठपणाचा नव्हे. पण वजन अंगावर आहे आणि ते ओढायला हृदय-फुफ्फुसे कमी पडताहेत, अशी जोडी जमली की शरीर आतून तापते. चरबीचा थर ती उष्णता बाहेर पडू देत नाही. ज्यांनी मे महिन्यातले भरतीचे मैदान पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. माझा आग्रह आहे की प्रत्येक अकॅडमीने उन्हाळ्यात हे दोन आकडे, बीएमआय आणि धावण्याची वेळ, एकत्र बघावेत. ज्या मुलाचे दोन्ही चुकीच्या बाजूला आहेत, त्याला हळूहळू चढवत न्यावे आणि दुपारच्या उन्हात मुळीच पळवू नये.

पायांच्या हाडांचेही तसेच. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात, याची नोंद केली. क्ष-किरण यायला अजून चाळीस वर्षे होती. पुढे कळले की तळपायाच्या लांब हाडांना बारीक भेगा पडतात. या भेगा जाड मुलांना पडतात, तशा अगदी किडकिडीत मुलांनाही पडतात, कारण हाडाला आधार देणारा स्नायूच तिथे पुरेसा नसतो.

म्हणजे चरबी जितकी कमी तितके चांगले, हेही खरे नाही. याचा सगळ्यात ठोस पुरावा अमेरिकी लष्कराच्या रेंजर अभ्यासक्रमातून आला. सुमारे आठ आठवड्यांचे हे प्रशिक्षण. सरासरी झोप चार तासांहून कमी आणि रोजच्या गरजेपेक्षा हजाराहून जास्त कॅलरी कमी खाणे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ल फ्रिडल आणि सहकाऱ्यांनी या जवानांची मोजमापे घेतली. धडधाकट, निवडून घेतलेल्या या तरुणांचे वजन सरासरी 16 टक्क्यांच्या आसपास उतरले. अंगावरची चरबी 14-15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांच्या खाली आली. वजन उचलण्याची ताकद पाचव्या हिश्शाहून अधिक घटली, टेस्टोस्टेरॉन खाली गेले, रोगप्रतिकारशक्ती मंदावली. 4 ते 6 टक्के चरबी ही निरोगी पुरुषाच्या शरीराची खालची मर्यादा असावी, असा निष्कर्ष त्यातून निघाला. तिथे पोचल्यावर शरीर इंधनासाठी स्नायू मोडायला काढते. सुरुवातीला थोडी जास्त चरबी असलेल्यांनी आपले स्नायू तुलनेने बरे राखले, सडपातळ मुलांचे स्नायू अधिक गेले.

सियाचीनसारख्या ठिकाणी हेच वेगळ्या वाटेने घडते. 5000 मीटरच्या वर भूक मरते, अन्न नकोसे होते, झोप तुटक येते आणि शरीर थंडीशी झगडण्यात इंधन जाळत राहते. वरून उतरलेला जवान बारीक झालेला दिसतो तेव्हा त्यात चरबी गेलेली असते, तसे स्नायूही गेलेले असतात. अशा पोस्टिंगला जाणाऱ्याच्या अंगावर थोडी शिल्लक हवी. दिल्लीची डीआयपीएएस ही डीआरडीओची प्रयोगशाळा उंचीवरच्या जवानांच्या शरीराचा अभ्यास करत आली आहे आणि मैसूरची, पूर्वी डीएफआरएल म्हणून ओळखली जाणारी प्रयोगशाळा त्यांच्या खाण्याचा. त्यांच्या कामाविषयी पुढे एक स्वतंत्र प्रकरण आहे.

आता पुण्याकडे येतो, कारण आपल्या मुलांच्या दृष्टीने या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट पुण्यात सापडली आहे.

2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. तक्त्यात दोघेही उत्तम. पण चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. दुपटीहून अधिक! फोटोत शेजारी उभ्या असलेल्या, दिसायला सडसडीत अशा दोन माणसांत हा फरक डोळ्यांना दिसत नाही, काट्याला तर नाहीच नाही. याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत 1993 पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात याचे मूळ पार जन्मापर्यंत मागे जाते. या गावांतली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पुण्याची बाळे सगळ्या मापांत लहान, हातापायांनी बारीक, पोटाने लहान. फक्त पाठीच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच टिकलेली. म्हणजे वाट्याला आलेल्या अपुऱ्या अन्नातून शरीराने स्नायू कमी केले आणि चरबी राखली. आपण ‘काटक’ म्हणतो त्या अंगकाठीत हा मुद्दा दडलेला आहे, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय परदेशी पुस्तकातले आकडे इथल्या पोरांना लावणे अन्यायाचे आहे.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा खाली आणली गेली. जगभर 25 च्या पुढे जादा वजन मानतात. 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकत्र बसून आपल्यासाठी 23 पासूनच सावध राहायला सांगितले. कमरेचे मापही पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांना 80 असे ठरले. पण सैनिकाच्या दृष्टीने याज्ञिकांच्या कामातला अर्थ मधुमेहापुरता थांबत नाही. 22 बीएमआयचा मराठी मुलगा आणि 22 बीएमआयचा इंग्रज मुलगा यांच्या पाठीवर तेच ओझे ठेवले, तर आपल्या मुलाजवळ ते उचलायला स्नायू कमी असण्याची शक्यता बरीच आहे. मग उपाय वजन घटवण्याचा नाही. बऱ्याच मुलांना वजन वाढवावे लागेल, मात्र ते स्नायूंचे. मैदानावर नेमके याच्या उलट चाललेले दिसते.

पहाटे साडेचार-पाचला कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी मैदानावर जा. अंधारात मुले रांगेने धावत असतात, ‘सोळाशे’ मारत असतात, म्हणजे 1600 मीटर. कोणाच्या तरी मोबाईलवर वेळ लागलेली असते. साडेपाच मिनिटांच्या आत आले की पैकीच्या पैकी गुण, हे वर्षानुवर्षे डोक्यात बसलेले. मग बीमवर दहा पुलअप. सगळा सराव या दोन गोष्टींचा. वजन उचलण्याचा, पाठ-मांडी भरण्याचा, ओझे घेऊन चालण्याचा सराव जवळजवळ शून्य, कारण भरतीच्या मैदानावर त्याला गुण नाहीत. जो कमी वजनाचा आहे, तो मेडिकलच्या दिवशी वजन भरावे म्हणून केळी खातो आणि पोटाला तडस लागेपर्यंत पाणी पितो. जो जास्त वजनाचा आहे, तो आठवडाभर उपाशी राहतो, दोन-दोन टी-शर्ट चढवून पळतो. दोघेही काट्याला फसवतात आणि स्वतःचे नुकसान करून घेतात. उपासमारीने उतरलेल्या वजनात पाणी आणि स्नायू यांचा वाटा मोठा असतो. आठ दिवसांनी पाणी परत येते, स्नायू येत नाहीत. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. जे मोजले जाते त्याचीच तयारी कोणीही करणार. म्हणून काय मोजायचे, हा प्रश्न मला इतका महत्त्वाचा वाटतो.

सैन्यात गेल्यावरही काटा पाठ सोडत नाही. उंची, वय आणि वजन यांचा मेळ दर वैद्यकीय तपासणीला बघितला जातो आणि वजन मर्यादेबाहेर गेले की जवानाची वैद्यकीय श्रेणी खाली येऊ शकते. तिचे परिणाम बढतीवर, पोस्टिंगवर, घरावर होतात. शिस्त हवीच, पण मापच चुकीचे असेल तर तिचा फटका भलत्याला बसतो. अमेरिकी लष्कराने यावर टेपचा तोडगा काढला. 1980 च्या दशकात त्यांच्या नौदलाच्या सॅन दिएगोतील संशोधन केंद्रात हॉजडन आणि बेकेट यांनी समीकरण बसवले: पुरुषांचा गळा आणि बेंबीपाशी पोट, स्त्रियांचा गळा, कंबर आणि नितंब, सोबत उंची. या आकड्यांवरून चरबीचा अंदाज. खर्च एका टेपचा. लष्करात 17 ते 20 वयाच्या पुरुषाला 20 टक्के आणि चाळिशीपुढे 26 टक्के, स्त्रियांना 30 ते 36 टक्के अशी मर्यादा अनेक वर्षे चालली.

हे मोजणे किती नाजूक आहे, ते एकदा बघण्यासारखे असते. टेप बेंबीच्या पातळीवर जमिनीला समांतर हवा. पाठीमागे तो दोन बोटे खाली घसरला तरी माप बदलते. माणसाने नेहमीसारखा श्वास सोडलेला असावा. पोट आत ओढलेले नसावे, आणि ते ओढलेले आहे की नाही हे समोरच्याला ओळखता यावे लागते. टेप कातडीला टेकलेला हवा, रुतलेला नको. गळ्याचे माप कंठाच्या उंचवट्याखाली घ्यायचे. खांदे वर केले की गळा जाड भरतो, आणि जाड गळा म्हणजे समीकरणात चरबी कमी. म्हणून त्यांचे जवान गळ्याचे व्यायाम करत. 2023 मध्ये तिथल्या लष्कराने गळा सोडून दिला आणि पोटाचे एकच माप वजनासोबत धरायला सुरुवात केली. त्याच वर्षी आणखी एक पाऊल उचलले गेले, जे मला मनापासून पटते: ज्याने शारीरिक चाचणीत 600 पैकी 540 गुण आणि प्रत्येक प्रकारात किमान 80 मिळवले, त्याला टेप लावायचाच नाही, असे ठरले. काम करून दाखवणाऱ्याला पोटाच्या घेराचा जाब विचारायचा नाही. नियम पुढे बदलत राहतात, तेही बदलले. पण बेन्केंच्या त्या 17 खेळाडूंना इतक्या उशिरा का होईना, न्याय मिळाला.

अमेरिकी हवाई दलाने याहून सोपे माप घेतले, कंबर भागिले उंची. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असेल तर ठीक. 170 सेंटिमीटर उंचीच्या मुलाची कंबर 85 च्या आत हवी. यात वजन येतच नाही. मांड्या-खांदे भरलेला पैलवानी अंगाचा जवान यात अडकत नाही. आणि हातपाय काडीसारखे पण पोट सुटलेला, काट्यावर बिनचूक भरणारा माणूस यातून सुटत नाही. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची माणसे जास्त असल्याने भारतीय सैन्याला हे माप फार उपयोगी पडेल असे माझे मत आहे. कातडीच्या घड्या चिमट्याने मोजणे, हातापायांतून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून चरबीचा अंदाज बांधणारी यंत्रे, डेक्सा हा क्ष-किरणांचा स्कॅन, हे सगळे पुस्तकात आहे. वीजप्रवाहाच्या यंत्राबद्दल एवढेच सांगतो, की त्याचा अंदाज शरीरातल्या पाण्यावर चालतो. तहानलेल्या अंगाने मोजले तर आकडा चुकतो. जिममधल्या यंत्राची चिठ्ठी घेऊन खट्टू होणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

मुलींविषयी वेगळे लिहायला हवे होते आणि तसे लिहिले आहे. 30 मे 2025 रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. अग्निवीर म्हणून लष्करी पोलिसांत मुली जात आहेत. त्यांच्यासाठी तयार साहित्य म्हणजे मुलांचेच वेळापत्रक थोडे सौम्य करून दिलेले. स्त्रीच्या शरीराला जगण्यासाठी लागणारी किमान चरबीच सुमारे 12 टक्के, पुरुषाची 3 टक्के. धावण्याची वेळ सुधारावी म्हणून मुलगी खाणे तोडते, पाळी थांबते आणि ती ‘बरे झाले, कटकट गेली’ म्हणून घरी सांगतही नाही. त्याच महिन्यांत हाडे विरळ होत असतात. पुढे प्रशिक्षणात नडगीला किंवा खुब्याला भेग पडते आणि सगळे म्हणतात, मुलींना झेपत नाही. झेपण्याइतके जेवण तिला मिळाले नव्हते, हे कोणी बघत नाही. आईने आणि शिक्षकाने पाळीची चौकशी निःसंकोच करावी, ही माझी कळकळीची विनंती. ज्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तिला आधी डॉक्टरांकडे न्यावे, सराव नंतर.

खाण्याच्या प्रकरणात मी पावडरींच्या डब्यांना जागा दिलेली नाही. व्यायाम करणाऱ्या तरुणाला दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिने लागतात. 60 किलोच्या मुलाला 72 ते 96 ग्रॅम. भाकरी, वरण, मोड आलेली मटकी, मूठ-दोन मूठ शेंगदाणे, फुटाणे, दूध आणि परवडत असतील तर तीन-चार अंडी यांतून हे जमते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, अंड्यात सहा. शेतावर राबून मुलाला अकॅडमीची फी पाठवणाऱ्या बापाने त्यावर आणखी तीन हजारांचा डबा घ्यावा, असे सांगणारा शिक्षक मला चुकीचा वाटतो. इंजेक्शने देणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. त्याला मैदानावर पाऊल ठेवू देऊ नये.

वय वाढल्यावरचा भाग जवानांपेक्षा त्यांच्या बायकांनी वाचावा. विशीत साडेपाच मिनिटांत सोळाशे मारणारा गडी अडतिसाव्या वर्षी पीस स्टेशनला असतो, कामाची जागा टेबल असते, वजन विशीपेक्षा चार-पाच किलोच जास्त असते आणि श्रेणी ठीक असते. पण त्या चार-पाच किलोंच्या आड बरेच काही झालेले असते. स्नायू गेलेले असतात आणि त्यांची जागा पोटावरच्या चरबीने घेतलेली असते. पेन्शन घेऊन गावी आला की पीटी बंद होते. रक्तातली साखर वाढल्याचे कळते तेव्हा पन्नाशीही आलेली नसते. ज्या अंगाने देशाची सेवा केली, त्याची पुढची तीस-चाळीस वर्षे चांगली जावीत, हेही या पुस्तकाचे काम आहे.

वाचायला घेण्याआधी एक वही घ्या आणि तिच्यात आजची तारीख घालून पाच गोष्टी लिहा. उंची. सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून, बेंबीपाशी घेतलेले पोटाचे माप. मोकळ्या अंगाने सोळाशेची वेळ. बीमवर किती. आणि पाठीवरच्या सॅकमध्ये शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी माती किंवा वाळू भरून तीन किलोमीटर भरभर चालायला लागलेली वेळ. गुडघे-पाठ दुखत असेल तर ही पाचवी गोष्ट सोडा. वजन लिहायचे असेल तर सहाव्या ओळीवर लिहा. पहिल्या प्रकरणात टेप कसा धरायचा ते चित्रांसह दिले आहे. चार आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच टेपने आणि शक्यतो त्याच माणसाकडून पुन्हा मोजून घ्या.